तंबूतल्या उजेडाचा फोटो

वोल्फ्सबुर्गच्या आमच्या मराठी मंडळात मालिनी गुंजाळ हे नाव निघालं की कुणीतरी हमखास म्हणतं, "बाई मनानं चांगली आहे हो, पण फार तापट." हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकलंय की आता ते कानावर पडलं तरी माझंच डोकं तापतं. मंडळाच्या मीटिंगमध्ये एखाद्या पुरुषानं टेबलावर हात आपटला की तो स्पष्टवक्ता. मालिनीताईंनी आवाज चढवला की त्या तापट. म्हणून त्या फेब्रुवारीत हार्त्सच्या जंगलात काय झालं आणि नंतर इथल्या फोटोंच्या प्रदर्शनात काय झालं, ते मी एकदा नीट सांगणार आहे.

मी सुरेखा. ताईंच्याच इमारतीत, त्यांच्या खालच्या मजल्यावर राहते. जंगलात मी नव्हते. पण तिथून आलेल्या तिघांकडून सगळं ऐकलंय आणि प्रदर्शनात तर मी ताईंच्या शेजारीच उभी होते.

मालिनीताई मूळच्या संगमनेरच्या. नवरा यशवंतराव इथल्या गाड्यांच्या कारखान्यात लागले, म्हणून त्या आल्या. त्याही इंजिनिअर. मुलगा रुद्र शाळेत जायला लागल्यावर त्यांनी एका टेस्टिंग लॅबमध्ये नोकरी धरली. काम असं, की कडाक्याच्या थंड केलेल्या खोलीत गाडीचं दार, कुलपं, काचेभोवतीचं रबर ठेवायचं आणि काय तडकतं, काय अडकतं ते आत जाऊन बघायचं. "संगमनेरच्या उन्हात वाढलेली मी, आणि देवानं मला फ्रीजरमध्ये नोकरी दिली," असं त्या हसत सांगतात.

त्यांचा राग कसा असतो, त्याचा एक नमुना सांगते. एका डिसेंबरात तिसऱ्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या फ्राउ क्रूगरचं हाइत्सुंग, म्हणजे घर तापवायची यंत्रणा, बंद पडलं. इमारत सांभाळणारी कंपनी रोज "उद्या माणूस येईल" म्हणायची. म्हातारी ओव्हरकोट घालून झोपायची. ताईंना कळलं तसं त्या तिला पांघरुणासकट गाडीत घालून थेट त्या कंपनीच्या, हाउसफेरवाल्टुंगच्या, ऑफिसात घेऊन गेल्या. तिथल्या सोफ्यावर तिला बसवलं आणि म्हणाल्या, "हिच्या घरात ऊब येईपर्यंत ही इथंच बसेल. इथं छान ऊब आहे." दुपारी माणूस आला. आता याला तापट म्हणायचं असेल तर खुशाल म्हणा.

रुद्र नोकरीसाठी फ्रँकफर्टला गेला त्या वर्षी ताईंना घर खायला उठलं. नोव्हेंबर ते मार्च इथं आभाळ शिशासारखं असतं. माणसं कामावरून येतात, पडदे ओढतात. त्यांच्या लॅबमधली हाइके म्हणाली, "मालिनी, घरात बसू नकोस, माझ्याबरोबर हार्त्समध्ये चल." त्या गेल्या आणि परत आल्या त्या वेगळ्याच होऊन. माझ्या स्वयंपाकघरात उभं राहून, अंगातलं जॅकेट न काढता, मला सांगत होत्या, "सुरेखा, अगं तिथली झाडं किडीनं मेलीयेत. नुसते करडे खांब उभे आहेत. त्यांच्यावर बर्फ बसलाय. मला वाटलं वाईट वाटेल. पण खाली बघते तर बर्फातून वीतभर उंचीची नवी रोपं डोकं काढून बसलेली!"

मग त्यांनी जुना कॅमेरा मिळवला. मोठी दृश्यं त्यांना नकोच असायची. सशाच्या पावलांची बर्फातली माळ, गोठलेल्या झऱ्याखाली अडकलेले बुडबुडे, बर्फ घसरून पडल्यावर झटकन वर उडणारी फांदी, असलं काहीतरी टिपून आणायच्या. हाइकेनं त्यांना बर्फात तंबू टाकायलाही शिकवलं. खाली चटई कशी घालायची, कोरडे मोजे कुठं ठेवायचे, घाम येईल इतकं भरभर का चालायचं नाही, हे सगळं. यशवंतरावांना त्या म्हणायच्या, "अहो, एकदा तरी चला की." ते म्हणायचे, "तू जा. मी कढत पाण्यानं आंघोळ करून तुझ्या फोटोंची वाट बघतो."

अशा बाईला सिद्धांतनं आपल्या ग्रुपमध्ये बोलावलं नसतं तरच नवल.

सिद्धांत म्हणजे मंडळाचं लाडकं पोर. पोर म्हणायचं, पण चाळिशीला टेकलेला. सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर, जर्मन फर्डा, दिसायला छान. तो हिवाळी भटकंतीचा ग्रुप चालवायचा. फोटो काढायचा आणि ते खरंच सुंदर असायचे. हजारो लोक त्याचे फोटो बघायचे. ग्रुपमधल्या माणसांचा उपयोग मात्र त्याला दोनच कामांसाठी वाटायचा. लाल जॅकेट घालून दूरच्या कड्यावर पाठमोरं उभं राहायचं, नाहीतर त्याचं सामान धरायचं. ताई दोन वेळा त्याच्याबरोबर जाऊन आल्या होत्या. "वाट चांगली माहीत आहे त्याला," एवढंच म्हणाल्या होत्या.

त्या शनिवारचा बेत असा होता. गाड्या जंगलाच्या कडेला लावायच्या, झाडीतून चालत एका उंच खडकावर जाऊन सूर्यास्ताचे फोटो काढायचे आणि मग पलीकडच्या उतारावरच्या कॅम्पिंगप्लात्सवर तंबू टाकायचे. सात जण होते. त्यातली एक तनया. पुण्याहून येऊन तिला जेमतेम तीन महिने झाले होते. आयटीतली, सव्वीस-सत्तावीस वर्षांची, अजून आन्मेल्डुंगच्या, म्हणजे पत्ता नोंदवायच्या, नि घर शोधण्याच्या चक्रातून पुरती सुटली नव्हती. तिनं आयुष्यात कधी बर्फ तुडवला नव्हता. सिद्धांतला तिनं फोनवर विचारलं होतं, "माझ्याकडे नुसते स्पोर्ट्स शूज आहेत, चालतील ना?" तो म्हणाला होता, "हो हो, चालतील. ट्रेक सोपा आहे." हे तनयानं मला स्वतः सांगितलंय, म्हणून लिहिते. नंतर याच बुटांवरून तिला किती जणांनी सुनावलं, ते पुढे येईलच.

बर्फ गुडघ्याच्या खाली होता, पण रात्रीच नवा पडला होता. तासाभरात तनयाचे बूट भिजले. ती मागं पडायला लागली. ताई एकदा थांबून तिच्याबरोबर चालल्या. तेवढ्यात पुढून सिद्धांतची हाक आली, "ताई, तुम्ही पुढे या, अंतर फार पडतंय. तनया, तू तुझ्या वेगानं ये, वाट सरळ आहे. खडकावर भेटू." तनयाही म्हणाली, "जा ताई, मी येते." ताई गेल्या. पण दर थोड्या वेळानं त्या मागं वळून बघत होत्या, आणि तोवर तनयाचं निळं जॅकेट झाडांमधून दिसत होतं.

शेवटची चढण खडी होती. वर पोचल्यावर ताईंनी मागं पाहिलं तर निळं जॅकेट नव्हतं. सूर्य खाली आला होता, बर्फ गुलाबी झाला होता आणि सिद्धांत ट्रायपॉड लावत होता.

"सिद्धांत, तनया दिसत नाही."

"येईल ना. चढण आहे, वेळ लागतो."

"मला तिची टोपीसुद्धा दिसत नाहीये. थोडं मागं जाऊन बघू या."

"ताई, असा लाइट वर्षातून एकदा मिळतो. दहा मिनिटं द्या. मग सगळे मिळून बघू."

"दहा मिनिटांनी अंधार पडेल."

"हेडलॅम्प आहेत की सगळ्यांकडे!"

श्रीनाथ नावाचा एक शांत स्वभावाचा माणूस त्यांच्यात होता. तो पाठीवर सॅक चढवायला लागला. सिद्धांत त्याला म्हणाला, "श्रीनाथ, तो रिफ्लेक्टर जरा धर ना, वारा आहे." आणि श्रीनाथ थांबला. रिफ्लेक्टर म्हणजे उजेड परतवणारी चंदेरी ताटली. माणूस हरवलंय आणि हे ताटली धरून उभे! 

ताई एकट्या उतरल्या. तंबू त्यांच्याच पाठीवर होता, आणि त्याच्या वजनावरून सकाळी सगळ्यांनी त्यांची चेष्टा केली होती. चढणीच्या पायथ्याशी वाटेला एक फाटा होता. लाकूडतोडीचं मशीन तिथून आत गेलं होतं आणि त्याच्या चाकांचा चर मूळ वाटेपेक्षा रुंद नि सोपा दिसत होता. बुटांचे ठसे त्याच बाजूला वळले होते. ताई हाका मारत गेल्या. खूप आत, रचून ठेवलेल्या ओंडक्यांना टेकून तनया बसलेली होती. हातमोजे काढून मांडीवर ठेवलेले.

"तनया! अगं हातमोजे का काढलेस?"

"मला आता थंडी नाही वाजत, ताई," ती म्हणाली. जीभ जड झाली होती. "मी जरा झोपते."

ताई मला म्हणाल्या, "सुरेखा, मी इतकी वर्षं थंडीत काम करते, पण त्या वाक्यानं मला जशी भीती वाटली तशी कधी वाटली नव्हती."

त्यांनी तिला उठवून उभं केलं. तिच्याशी सतत बोलत, नावानं हाका मारत तिथंच तंबू उभा केला. चटई अंथरली, तिला आत घेतलं, ओले कपडे काढून आपले कोरडे घातले, झोपायच्या पिशवीत घातलं. थर्मासमधलं गोड कोको घोटघोट पाजलं. फोनला जेमतेम रेंज होती. आधी इमर्जन्सीच्या एकशे बाराला फोन केला, जागा सांगितली. मग श्रीनाथला केला. "तनया सापडली, तब्येत बरी नाही. फाट्यावरून आत या. जॅकेट्स आणि दुसरी झोपायची पिशवी घेऊन या." बचाव पथकाला लांबून दिसावं म्हणून हेडलॅम्प तंबूच्या छताला आतून टांगला. तंबू नारिंगी रंगाचा. तो कंदिलासारखा उजळला.

मग त्या तनयाचे मोजे काढायला बसल्या. पायाला घट्ट चिकटले होते. उजव्या पायाची दोन बोटं मेणासारखी पांढरी झाली होती.

तेवढ्यात बाहेर बर्फ करकरला. पावलं! ताई ओरडल्या, "इथे! इथे आहोत! हिअर!" उत्तर नाही. पावलं थांबली. पुन्हा ओरडल्या. तरी काही नाही. तनयाही कुजबुजली, "कुणीतरी आलंय ना?" ताईंनी चेन उघडून डोकं बाहेर काढलं. थोड्या अंतरावर, दोन झाडांच्या मध्ये, ट्रायपॉडमागं वाकून सिद्धांत उभा होता.

"एक मिनिट, ताई," तो म्हणाला. "आत व्हा आणि तो लाइट हलवू नका."

लाइट हलवू नका.

मी गेले कित्येक महिने या तीन शब्दांचा विचार करतेय. माणसाच्या तोंडून ते निघतात कसे? आत एक मुलगी धड बोलू शकत नाहीये आणि हा सांगतोय लाइट हलवू नका!

ताईंना काही क्षण ते कळलंच नाही. मग त्या ओरडल्या, "अरे, तुझं जॅकेट दे इकडं! पिशवी आणलीस का?"

"पिशव्या वर आहेत. रेस्क्यू येतेय ना? मग मी मध्ये गर्दी करून काय करू? मी जाऊन बाकीच्यांना सांगतो, ते घाबरलेत." असं म्हणून त्यानं ट्रायपॉड मिटला आणि तो निघून गेला. ताईंचा फोन आल्यावर "मी बघून येतो" म्हणत तो एकटाच उतरला होता, आणि परत वर जाऊन त्यानं काय सांगितलं ते श्रीनाथकडून कळलं. "सगळं ठीक आहे. ताईंनी मस्त तंबू लावलाय, दोघी कोको पीत बसल्यात. आपण कॅम्पिंगप्लात्सवर जाऊ." आणि ते गेले. विश्वास ठेवून गेले. तिथं त्यांनी सूप करून प्यायलं.

बेर्गवाख्टची, म्हणजे डोंगरातल्या बचाव पथकाची, माणसं बर्फावरची घसरगाडी घेऊन आली. पुढं एक बाई होती. तिनं तनयाला तपासलं, गुंडाळलं, गाडीवर बांधलं आणि मग ताईंना विचारलं, "तुमचा ग्रुप कुठं आहे?"

"वर. सूर्यास्त बघायला गेले होते."

 त्या बाईनं फक्त आपल्या जोडीदाराकडे पाहिलं. ताई म्हणतात, ती नजर त्यांना अजून टोचते.

तनयाची बोटं वाचली. पण राहतील का जातील, हे डॉक्टर बरेच दिवस सांगत नव्हते. महिनाभर तिला घरात भिंत धरून चालावं लागलं. अजूनही थंडीत तिला त्या बोटांत काही जाणवत नाही.

आता कुणालाही वाटेल की मंडळाची माणसं सिद्धांतला धारेवर धरतील. ऐका काय झालं ते. मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर त्याचा मेसेज आला, की छोटीशी अडचण आली होती, सगळे सुखरूप आहेत, पण पुढच्या वेळी कृपया योग्य बूट घालून या. त्याला लोकांनी अंगठे दाखवले. कुणी लिहिलं, एवढ्यातेवढ्यासाठी इमर्जन्सीला फोन केला तर इथल्या लोकांसमोर आपलं नाव खराब होतं. कुणी लिहिलं, ताई जरा लवकर पॅनिक होतात. ताईंनी उत्तरात काय घडलं ते सरळ लिहिलं, लाइट हलवू नका या वाक्यासकट. त्यावर मिनिटाभरात तिघांनी लिहिलं, "ताई, ग्रुपवर नको." ग्रुपवर चेष्टा चालते, टोमणे चालतात, खरं तेवढं नको.

त्यांनी रुद्रला फोन केला. पोरगं जर्मनीतच वाढलेलं, मराठी सगळं कळतं पण बोलतं जर्मन. सगळं ऐकून तो म्हणाला, "ममा, बेरुहिग दिश." म्हणजे, शांत हो.

"शांत?" ताई म्हणाल्या. "मी शांत होते म्हणून ती पोरगी जिवंत आहे. मी त्या जंगलात जेवढी शांत होते तेवढी जन्मात झाले नव्हते. आता मला ओरडू दे."  रुद्र पुढच्या शुक्रवारी गाडी पकडून घरी आला, हेही सांगायला हवं.

पण ताईंचा सगळ्यात जास्त संताप कशानं झाला असेल तर तनयानंच ग्रुपवर माफी मागितली त्यानं. "माझ्यामुळे सगळ्यांचा ट्रेक बिघडला, सॉरी," असं तिनं हात जोडल्याच्या खुणेसह लिहिलं होतं. ताईंनी मुगाची खिचडी केली, डबा भरला, मला बरोबर घेतलं आणि तिच्या खोलीवर गेल्या. ती पलंगावर पाय उशीवर ठेवून बसली होती.

"माफी का मागितलीस?" ताईंनी दारातूनच विचारलं.

"ताई, मी इथं नवीन आहे. मला सगळ्यांची गरज लागणार. भांडण नको."

"तुझी चूक काय ते सांग मला. एक चूक सांग."

 तनयाचे डोळे भरून आले. "मी तिथं बसायला नको होतं," ती म्हणाली.

"तुला तिथं एकटीला सोडायला नको होतं," ताई म्हणाल्या आणि खिचडीचा डबा उघडून तिच्या हातात दिला. "जेव. गार होईल."

एप्रिलच्या सुरुवातीला गावातल्या फोटोक्लबचं हिवाळ्याच्या फोटोंचं प्रदर्शन भरलं. ताईंचा एक छोटा फोटो निवडला गेला होता, गोठलेल्या झऱ्याचा. यशवंतराव, मी आणि तनया, आम्ही सगळे गेलो. तनया अजून जपून पाऊल टाकत होती. हॉल भरलेला होता, हातांत वाइनचे ग्लास, हळू आवाजातल्या गप्पा. ताईंचा फोटो कोपऱ्यात खांबाजवळ होता. आम्ही तो बघितला, यशवंतरावांनी त्याच्याजवळ ताईंना उभं करून फोटो काढला. मग आम्ही मधल्या मोठ्या भिंतीकडे वळलो.

तिथं तो होता. भिंतभर. निळसर काळोख, मेलेल्या झाडांचे उंच खांब, शुभ्र बर्फ आणि मधोमध कंदिलासारखा उजळलेला नारिंगी तंबू. तंबूच्या कापडावर दोन सावल्या. एक आडवी, दुसरी तिच्यावर वाकलेली. खाली सिद्धांतचं नाव, पहिल्या बक्षिसाची फीत आणि शीर्षक: "गेबोर्गेनहाइट". या शब्दाला मराठीत एक शब्द नाही. आईच्या कुशीत असल्यासारखं सुरक्षित वाटणं, असं काहीतरी.

मी खोटं बोलणार नाही, फोटो सुंदर होता. म्हणूनच मला जास्त राग आला.

तनयानं माझा दंड धरला. ताई हलल्या नाहीत. तेवढ्यात मुख्य परीक्षक माइक घेऊन पुढे आले. पांढरे केस, मखमली कोट. म्हणाले, "या चित्राकडे बघा. बाहेर निर्दय हिवाळा, आत माणसाची ऊब. ही सावली दुसरीवर किती हळुवारपणे वाकली आहे! कदाचित ती काही कुजबुजत असेल." लोक हसले, टाळ्या वाजल्या. सिद्धांत पुढे आला.

"एन्टशुल्डिगुंग," ताई म्हणाल्या. म्हणजे, माफ करा. आवाज मोठा नव्हता, पण सगळीकडे गेला. "ती वाकलेली सावली माझी आहे. मी कुजबुजत नव्हते. मी हिच्या पायाला चिकटलेले मोजे काढत होते. आणि मदतीसाठी ओरडत होते."

टाळ्या थांबल्या. परीक्षक सिद्धांतकडे बघायला लागले. सिद्धांत ताईंजवळ आला आणि हसरा चेहरा तसाच ठेवून मराठीत पुटपुटला, "ताई, प्लीज. इथं आपल्या लोकांची शोभा नको."

"आपली लोकं?" ताई मराठीतच, पण मोठ्यानं म्हणाल्या. "आपलं माणूस त्या तंबूत होतं!"

मग तो जर्मनमध्ये सगळ्यांना उद्देशून बोलायला लागला. "हे बघा, बचाव पथक निघालेलं होतं. माझ्या हातात करण्यासारखं काही नव्हतं. जे घडतंय ते टिपणं, हे फोटोग्राफरचं काम असतं."

"तू त्या दिवशी फोटोग्राफर नव्हतास," ताई म्हणाल्या. "तू वाट दाखवणारा होतास. तुझ्या भरवशावर ती आली होती. तू मला म्हणालास, लाइट हलवू नका."

तनयानं माझा दंड सोडला आणि ती पुढे गेली. इंग्रजीत बोलली, सगळ्यांना कळावं म्हणून.  "मी आत होते. मला पावलं ऐकू आली. मला वाटलं, कुणीतरी आलं, आता मी मरत नाही. तू माझं नाव घेऊन एक हाक तरी मारायचीस. एवढंच. मी बरी आहे का, हे तू अजूनही विचारलेलं नाहीस. आत्तासुद्धा."

 मला वाटलं, आता तरी विचारेल. सिद्धांतनं परीक्षकांकडे पाहिलं.

पुढे काय झालं असेल? काही नाही. क्लबचे अध्यक्ष धावत आले, म्हणाले की ही फार दुःखद गोष्ट आहे, पण परीक्षण चित्राचं असतं, नियमांत असं काही बसत नाही, आणि चेहरे तर ओळखू येत नाहीत. गेनाऊ, गेनाऊ, म्हणजे अगदी बरोबर, असं दोघातिघांनी म्हटलं. बक्षीस त्याच्याकडेच राहिलं. ताई कोपऱ्यात गेल्या, खिळ्यावरून आपला फोटो उतरवला आणि काखेत मारून बाहेर पडल्या. दारापाशी एक अनोळखी जर्मन बाई आपला ग्लास खाली ठेवून आमच्यामागं बाहेर आली, ताईंचा हात दाबला आणि निघून गेली. हॉलमधून आमच्यामागं आलेली ती एकटीच.

त्यानंतर आठवड्याभरात सिद्धांतनं तोच फोटो आपल्या पानावर टाकला. शीर्षक बदललं होतं. आता खाली लिहिलं होतं: "आम्ही आमच्या मैत्रिणीला वाचवलं ती संध्याकाळ." होय, आम्ही! शेकडो लोकांनी शाबासकी दिली. ते वाचून मी फोन भिंतीवर फेकणार होते. पण ताईंनी किंवा मी काही करायच्या आत खाली एक ओळ उमटली. श्रीनाथची. जो माणूस मीटिंगमध्ये कधी तोंड उघडत नाही, त्यानं आपल्या पूर्ण नावानं लिहिलं होतं: "आम्ही नाही, मालिनीताईंनी वाचवलं. मी तेव्हा वर रिफ्लेक्टर धरून उभा होतो आणि नंतर सूप पीत होतो. सिद्धांत खाली फोटो काढत होता." दुसऱ्या दिवशी तो फोटो तिथून गायब झाला.

त्या संध्याकाळी श्रीनाथ ताईंच्या दारात आला. ताईंनी त्याला आत घेतलं, चहा दिला. तो माफी मागायला लागला तशा म्हणाल्या, "मला नको सांगूस. तनयाला सांग." तो म्हणाला, "तिच्याकडे जाऊन मगच इकडं आलोय." तेव्हा त्या पहिल्यांदा त्याच्या समोर बसल्या.

पुढच्या हिवाळ्यात ताईंनी स्वतःच माणसं न्यायला सुरुवात केली. ग्रुपला नाव नाही की पान नाही. जायच्या आधी प्रत्येकाचे बूट त्या हातात घेऊन बघतात आणि ज्याच्याकडे नसतील त्याला कुणाचे तरी मिळवून देतात. ज्याचा वेग सगळ्यात कमी, तो सगळ्यांच्या पुढे चालतो. बाकीच्यांनी कुरकुर केली तर त्यांना घरी जायची मुभा आहे. तनयाही जाते. पहिल्या वेळी ती जंगलाच्या कडेपर्यंत आली आणि गाडीतून उतरलीच नाही. ताई तिच्याजवळ गाडीत बसून राहिल्या, दोघींनी थर्मासमधला चहा संपवला आणि परत आल्या. दुसऱ्या वेळी ती उतरली.

सिद्धांतचा ग्रुप अजून चालतो. गर्दी असते. पण हल्ली नवी माणसं त्याला विचारतात, बरोबर कोण आहे, काही झालं तर काय. म्हणून गेल्या नोव्हेंबरात त्यानं ताईंना फोन केला. त्या माझ्या स्वयंपाकघरात होत्या, स्पीकर चालू होता.

"ताई, झालं गेलं सोडून देऊ. तुम्ही आमच्या ग्रुपची सेफ्टी बघाल का? तुमचं नाव असलं की लोकांना धीर येतो."

"तनयाला भेटलास का?"

"ताई, तो विषय आता जुना झाला ना."

"तिची बोटं अजून बधिर आहेत. तिच्यासाठी विषय रोजचा आहे. आधी तिच्या घरी जा. बस. ती बरी आहे का ते विचार. मग मला फोन कर, आणि तेव्हाही मी नाहीच म्हणणार आहे. पण तू गेलास, एवढं मला कळेल."

तो म्हणाला, "तुम्ही फार ताणता, ताई," आणि फोन ठेवला.

आता फेब्रुवारी सुरू आहे. तो अजून तिच्याकडे गेलेला नाही. मागच्या रविवारी मंडळाच्या हळदीकुंकवाला एकजण मला तिळाची वडी देता देता म्हणाली, "मालिनीताईंनी आता राग सोडायला हवा, नाही?" मी वडी परत ताटात ठेवली आणि म्हटलं, "का म्हणून?"